परवाना बंद, धंदा चालू: दादरच्या एका टोपलीची फाइल

दादर पश्चिमेला "गाडी आली" असं कुणी ओरडलं की कोणती गाडी, हे विचारायला कुणी थांबत नाही. मेथीच्या जुड्या पथारीच्या चार टोकांत बांधल्या जातात, शेवग्याच्या शेंगा काखेत जातात, टोपली डोक्यावर चढते. मिनिटाभरापूर्वी जिथे बाजार होता तिथे नुसता पाला उरतो. पालिकेची गाडी सावकाश येते, मागे राहिलेला एखादा वजनकाटा, एखादं बाकडं, एखादी मोठी छत्री उचलते आणि पुढे जाते. दहा मिनिटांत मेथी पुन्हा त्याच फरशीवर, त्याच भावाने.

हे दृश्य मुंबईकराने हजार वेळा पाहिलेलं असतं. कुणी फेरीवाल्यांवर चिडतं, कुणी पालिकेवर, बहुतेक जण लोकल पकडायच्या घाईत असतात. मला मात्र या दहा मिनिटांमागचे कागद बघायचे आहेत. त्यासाठी सोयीपुरत्या एक मावशी धरून चालू. या कुणी एक ठरावीक बाई नव्हेत, दादरला अशा पन्नास भेटतील. वय साठीच्या आसपास. पहाटे विरारहून येतात, सेनापती बापट मार्गावरच्या घाऊक बाजारात माल घेतात, स्टेशनच्या बाहेर थोड्या अंतरावर बसतात. पंचवीस-तीस वर्षं जागा तीच. गाडीवरचा कामगारही त्यांना ओळखतो आणि साहेब मागे असले की आधी हळूच सांगतो, "मावशी, उचला." प्रश्न साधा आहे: या मावशींनी नेमका कोणता नियम मोडलाय, आणि तो पाळायचा ठरवला असता तर त्यांना पाळता आला असता का?

मूळ कागद १८८८ सालचा आहे, मुंबई महानगरपालिका अधिनियम. त्याच्या कलम ३१३-अ प्रमाणे आयुक्तांच्या परवान्याशिवाय रस्त्यावर किंवा सार्वजनिक जागी काहीही विकायला मांडता येत नाही. ३१३-ब हे रस्त्यावर बसून हातच्या कसबावर किंवा सेवेवर पोट भरणाऱ्यांसाठी: चपला शिवणारा, सुऱ्यांना धार लावणारा. आणि ३१४ म्हणजे मघाची ती गाडी. विनापरवाना मांडलेला माल, त्याची टोपली, खोका, हातगाडी, सगळं नोटीस न देता हटवण्याचा अधिकार या कलमाने आयुक्तांना दिलाय. "नोटीस न देता" हे शब्द कायद्यातच आहेत, कुण्या अधिकाऱ्याची ती मनमानी नव्हे.

म्हणजे मेथी विकणं हा गुन्हा नाही. परवान्याविना विकणं हा आहे. मग मावशींनी परवाना का काढला नाही?

कारण मुंबईत नवे परवाने देणं १९७८ मध्येच बंद झालं. त्या साली अठराव्या वर्षी परवाना मिळालेला माणूस आज पासष्टीच्या घरात असेल. जुने परवाने वारसांच्या नावावर चढत राहिले, काही नावावर एकाचे आणि बसणारा दुसराच असे झाले. नवा माणूस मात्र कितीही प्रामाणिक असला, कितीही शुल्क भरायला तयार असला, तरी त्याच्यासाठी खिडकीच नाही. परवानाधारक उरले सुमारे १५ हजार. टाटा समाज विज्ञान संस्था आणि 'युवा' ही स्वयंसेवी संस्था यांनी १९९८ मध्ये पालिकेच्या जमिनीवरचे फेरीवाले मोजले तेव्हा आकडा १ लाखाच्या वर गेला.

इथे क्षणभर थांबायला हवं. परवाना बंद केला की फेरीवाले कमी होतील, असा त्या निर्णयामागचा हिशेब असावा. फेरीवाले कमी झाले नाहीत, कागद कमी झाले. आणि कागद ही पालिकेचीच ताकद असते, हे त्या हिशेबात धरलेलं दिसत नाही. परवाना असला की त्यावर अटी घालता येतात: किती जागा, किती वाजेपर्यंत, कचरा कुणी उचलायचा. अट मोडली की दंड, पुन्हा मोडली की परवाना निलंबित. परवानाच नसलेल्या माणसाला निलंबनाची भीती कशी घालणार? त्याच्यासाठी एकच हत्यार उरतं, गाडी. मग जी बाई फरशीच्या कडेला तीन फुटांत बसते आणि जो बहाद्दर अख्खा पदपथ अडवून वर ताडपत्री टाकतो, दोघं कायद्यापुढे सारखेच अनधिकृत. नीट बसण्याचा काही फायदाच नाही. हप्त्याची दुकानदारी चालते ती या फटीत. हप्ता घेणाऱ्याला परवाना देता येत नाही, पण आज गाडी येणार की नाही हे त्याला सांगता येतं, आणि बसणाऱ्याला तेवढंच विकत घ्यायचं असतं.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला पालिकेने स्वतःच एक मधली वाट काढली होती, पावतीची. फेरीवाल्याकडून रोज काही रुपये घ्यायचे आणि पावती फाडून द्यायची. ती पावती कशाची? अनधिकृतपणे जागा अडवल्याबद्दल आणि कचरा उचलल्याबद्दल घेतलेल्या शुल्काची! म्हणजे 'तू इथे बेकायदा बसलास' असं लिहिलेला सरकारी कागद, आणि तोच पुढे 'मी इथे इतकी वर्षं बसतोय' याचा पुरावा. पुढे ती पद्धत बंद पडली, तरी जुन्या फेरीवाल्यांनी त्या पावत्या जपून ठेवल्या. इतक्या कमी शब्दांत या शहराचं आणि फेरीवाल्यांचं नातं सांगणारा दुसरा कागद मला तरी माहीत नाही.

न्यायालयात

हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पहिल्यांदा निकाली निघालं ते ३ जुलै १९८५ ला, बॉम्बे हॉकर्स युनियनच्या खटल्यात. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड होते. पुढच्याच आठवड्यात त्यांच्याच न्यायपीठाने पदपथावर राहणाऱ्यांबद्दलचा गाजलेला निकाल दिला. त्यामुळे हा आधीचा निकाल जरा झाकोळला गेला, पण फेरीवाल्यांसाठी पाया हाच. न्यायालयाने ३१३, ३१३-अ आणि ३१४ ही कलमं वैध ठरवली. रस्ता सगळ्यांच्या येण्याजाण्यासाठी असतो, कुणाच्या खाजगी धंद्यासाठी नव्हे, ही भूमिका स्पष्ट घेतली. पण त्याबरोबर पालिकेला कामही लावून दिलं: फेरीवाला क्षेत्रं आणि ना-फेरीवाला क्षेत्रं ठरवा, शक्यतो दोन लगतच्या वॉर्डांमागे निदान एक फेरीवाला क्षेत्र असू द्या, आणि तिथे परवाने द्या. निकालाचा पहिला अर्धा भाग गाडीच्या कामाचा होता, तो लगेच वापरात आला. दुसऱ्या अर्ध्यावर पुढची चाळीस वर्षं चर्चा चालू आहे.

चार वर्षांनी दिल्लीच्या सोदन सिंग खटल्यात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने काटा थोडा दुसऱ्या बाजूला सरकवला. पदपथावर धंदा करणं हाही घटनेच्या कलम १९(१)(छ) खाली येणारा धंद्याचा अधिकार आहे, वाजवी बंधनं घालता येतील, मात्र अधिकारच नाही असं म्हणता येणार नाही. विशिष्ट जागेवर कुणाचा हक्क मात्र नाही. दिवसभर राबून घरी परतणाऱ्या बेताच्या कमाईच्या माणसाला वाट वाकडी न करता रोजच्या वस्तू स्वस्तात मिळतात, ही फेरीवाल्यांची सोयही न्यायालयाने नोंदवली. मावशींची गिऱ्हाइकं नेमकी हीच. सहा-दहाची विरार पकडण्याआधी पर्समध्ये मेथीची जुडी कोंबणारी बाई.

मग येतो ९ डिसेंबर २००३ चा महाराष्ट्र एकता हॉकर्स युनियनचा निकाल. हा सविस्तर बघण्यासारखा आहे, कारण आजही वॉर्ड ऑफिसात वाद झाला की दोन्ही बाजू त्यातलीच वाक्यं तोंडावर फेकतात. फेरीवाल्याला जागा १ मीटर बाय १ मीटर. स्टॉल, टेबल, स्टँड काही नाही, हातगाडीही नाही, फक्त ऊन-पावसापासून माल झाकता येईल. वेळ सकाळी ७ ते रात्री १०. प्रार्थनास्थळ, शाळा-कॉलेज, इस्पितळ यांच्यापासून १०० मीटरच्या आत बसायचं नाही. रेल्वे स्टेशन आणि मंडई यांच्यापासून १५० मीटरच्या आत नाही. पादचारी पुलांवर नाही. ८ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर नाही. रस्त्यावर काहीही शिजवायचं नाही. महागड्या वस्तू, म्हणजे कॅमेरे, फोन, विजेची उपकरणं विकायची नाहीत. एका कुटुंबात एकच परवाना. गिऱ्हाईक बोलवायला आवाज करायचा नाही.

यातल्या काही अटींना नावं ठेवायला जागाच नाही. एक चौरस मीटर ही मावशींच्या टोपलीला पुरेशी जागा आहे, त्या सध्या याहून कमी जागेत बसतात. पण बाकीच्या अटी नकाशावर मांडून बघा. वडापावची गाडी 'शिजवायचं नाही' मध्ये बाद. तळण बाजूला ठेवून वडे घरून आणले तरी 'हातगाडी नाही' मध्ये बाद. "वालपापडीये" अशी आरोळी मारणारी बाई 'आवाज नाही' मध्ये बाद. देवळाच्या दारातल्या हारवाल्याला मात्र सूट आहे: हार, नारळ, अगरबत्ती, मेणबत्ती अशा पूजेच्या वस्तू विकायची परवानगी न्यायालयाने मुद्दाम ठेवली. गिऱ्हाईक जिथे येतं तिथेच माल विकला जातो, हे तत्त्व देवळापाशी मान्य झालं. स्टेशनपाशी नाही झालं.

आणि दादर म्हणजे स्टेशनच. दीडशे मीटर म्हणजे किती, हे एकदा पावलांनी मोजून पाहा. स्टेशनच्या पायऱ्या उतरून साधारण दोनशे पावलं. मावशींचा सगळा धंदा त्या दोनशे पावलांत होतो. तिथून पुढे माणूस घराच्या दिशेने पांगलेला असतो. तुम्ही मावशींना लांबच्या रुंद रस्त्यावर अगदी कायदेशीर चौकोन आखून द्या, संध्याकाळपर्यंत मेथी तिथे सुकून जाईल. परवान्याच्या चर्चेत जागा 'किती' यावरच आपण भांडतो. मावशींसाठी प्रश्न 'कुठे' हा आहे.

२०१४ चा कायदा आणि त्याचा गुंता

मधला प्रवास पटकन सांगतो. केंद्राचं धोरण २००४ मध्ये आलं, २००९ मध्ये सुधारून आलं. धोरण पाळायचं बंधन कुणावर नव्हतं. ८ ऑक्टोबर २०१० ला सर्वोच्च न्यायालयाने गैंदाराम खटल्यात सरकारला कायदाच करायला सांगितलं आणि ३० जून २०११ ची मुदत घातली. ती टळली. ६ सप्टेंबर २०१३ ला लोकसभेने विधेयक मंजूर केलं, तीनच दिवसांनी न्यायालयाने कायदा येईपर्यंत २००९ चं धोरण देशभर लागू करायचा आदेश दिला, फेब्रुवारी २०१४ मध्ये राज्यसभेची मंजुरी आली, आणि पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम १ मे २०१४ पासून लागू झाला. महाराष्ट्र दिनी, योगायोगाने.

कागदावर हा कायदा चांगला आहे, हे आधी मान्य करतो. दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करायचं. सापडलेल्या प्रत्येक विक्रेत्याला विक्री प्रमाणपत्र द्यायचं, स्थिर विक्रेता असो की फिरता. सामावून घेण्याची मर्यादा त्या शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्के. विक्रेत्याने लिहून द्यायचं की धंदा मी किंवा माझ्या घरचे करू, मला उपजीविकेचं दुसरं साधन नाही, प्रमाणपत्र कुणाला भाड्याने देणार नाही. तो मेला किंवा अपंग झाला तर मुदत संपेपर्यंत नवरा-बायको किंवा अवलंबून असलेलं मूल ती जागा चालवू शकतं. हटवायचं असेल तर ३० दिवसांची नोटीस. माल उचलला तर तिथल्या तिथे यादी करून द्यायची. नाशवंत माल मागणी केली त्याच दिवशी परत, बाकीचा दोन कामकाजाच्या दिवसांत. पोलिसांनी प्रमाणपत्रधारकाला त्रास द्यायचा नाही, असं वेगळं कलमही आहे.

मावशींच्या दृष्टीने सर्वांत मोलाची दोन वाक्यं आहेत. एक, कलम ३ मधलं: सर्वेक्षण पूर्ण होऊन सगळ्यांना प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणाही विक्रेत्याला हटवायचं नाही. दुसरं पहिल्या अनुसूचीत लपलेलं आहे: जिथे आधीपासून बाजार भरतो, किंवा सर्वेक्षणात जो 'नैसर्गिक बाजार' म्हणून सापडतो, तो भाग ना-विक्री क्षेत्र ठरवता येणार नाही. नैसर्गिक बाजार म्हणजे विकणारे आणि घेणारे जिथे परंपरेने जमत आलेत तो. दादर स्टेशनबाहेरचा बाजार नैसर्गिक नसेल तर मग मुंबईत नैसर्गिक काय आहे? समुद्र?

पण व्याख्येत पुढे एक शेपूट आहे: नगर पथविक्रेता समितीच्या शिफारशीने तसा ठरवलेला. आणि इथे गाडं अडतं.

ही समिती म्हणजे कायद्याचं हृदय. अध्यक्ष आयुक्त, सदस्यांपैकी किमान ४० टक्के विक्रेत्यांनी निवडून दिलेले, त्यांत एक तृतीयांश महिला. विक्रेते मतदान करणार म्हणजे मतदारयादी हवी. मतदारयादी म्हणजे नोंद झालेले विक्रेते. नोंद सर्वेक्षणातून होणार. आणि सर्वेक्षण, क्षेत्रं, नैसर्गिक बाजार यांत समितीचा हात असल्याशिवाय ते वैध कसं, असा आक्षेप तयारच असतो. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तशातली गत.

मुंबईने २०१४ च्या पावसाळ्यात सर्वेक्षण केलं. जवळपास ९९ हजार अर्ज भरून आले. छाननी होत होत पात्र ठरले ते ३२ हजारांच्या आसपास. आता ही आकडेमोड बघा. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख. अडीच टक्के म्हणजे ३ लाख ११ हजार. कायद्याची कमाल मर्यादा ३ लाख ११ हजार, अर्ज ९९ हजार, पात्र ३२ हजार. म्हणजे पात्र ठरलेले लोकसंख्येच्या पाव टक्क्याच्या आसपास. अडीच टक्के ही कमाल मर्यादा आहे, तेवढ्यांना जागा द्यायचं वचन नव्हे, हे मला कळतं. तरी "शहराला पेलणार नाहीत इतके फेरीवाले झालेत" असं म्हणताना आपण कोणत्या मापाने बोलतो, ते निदान तपासायला हरकत नाही.

क्षेत्रांच्या यादीची वेगळीच गंमत. पालिकेने रस्त्यांवर जागा आखायला घेतल्या तशा हरकतींचा पाऊस पडला. प्रत्येक सोसायटीचं म्हणणं एकच: फेरीवाल्यांना जागा द्यायलाच हवी, पण आमच्या फाटकासमोर नको. मूळ यादी हरकतींत आटत गेली. मी स्वतः असा एक हरकत-अर्ज वाचलाय, त्याखाली सही करणारे काका रोज संध्याकाळी कोथिंबीर मात्र रस्त्यावरच घेतात. त्यांना ढोंगी म्हणायचं माझ्या मनात नाही. पदपथ चालायला मोकळा हवा ही मागणी शंभर टक्के खरी आहे. बाळाची गाडी ढकलणाऱ्या बाईला किंवा काठी टेकत जाणाऱ्या आजोबांना भर रहदारीत उतरावं लागतं, तेव्हा उपजीविकेच्या हक्कावरची भाषणं फार पोकळ वाटतात.

२९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली, २३ माणसं गेली. अचानक आलेला पाऊस, अरुंद जिना, दोन्हीकडून वाढत गेलेली गर्दी. राग मात्र स्टेशनबाहेरच्या फेरीवाल्यांवरही निघाला. महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने मोर्चा काढून १५ दिवसांची मुदत दिली, मग ठिकठिकाणी पथाऱ्या उधळल्या गेल्या. १ नोव्हेंबरला मुंबई उच्च न्यायालयाने आझाद हॉकर्स युनियनच्या याचिकेवर निकाल दिला आणि स्टेशनपासूनची १५० मीटर, शाळा-देवळं-इस्पितळांपासूनची १०० मीटर ही २००३ ची बंधनं पुन्हा ठळक केली. नवा कायदा असूनही, त्याची यंत्रणा उभी नाही म्हणून जुनीच मोजपट्टी लागू. माझ्या मते हा निकाल त्या वेळी चुकीचा म्हणता येणार नाही. समिती नाही, योजना नाही, तर न्यायालय दुसरं काय लावणार? पण त्याचा परिणाम असा की यंत्रणा न उभारण्याचा तोटा पूर्णपणे मावशींच्या वाट्याला आला, पालिकेच्या नाही. कलम ३ मधलं 'हटवायचं नाही' हे वाक्य पुस्तकात राहिलं, १५० मीटर रस्त्यावर उतरले.

(रेल्वेच्या हद्दीतली जमीन या कायद्यातून वगळलेली आहे, हेही सांगून ठेवतो. त्यामुळे मावशी दोन पायऱ्या वर सरकल्या की पालिकेचा कायदा संपतो आणि रेल्वे सुरक्षा दलाचा सुरू होतो. पावसात निवाऱ्याला सरकताना ही सीमारेषा कुणी बघत नाही.)

मग कोविड. १ जून २०२० ला केंद्राने पीएम स्वनिधी योजना आणली: सुरुवातीच्या वर्षांत पहिलं कर्ज १० हजारांचं, फेडलं की २० हजार, मग ५० हजार, व्याजात ७ टक्के सूट. ज्यांच्याकडे प्रमाणपत्र नाही त्यांच्यासाठी पालिकेचं शिफारसपत्र चालेल अशी सोय ठेवली, आणि ती नसती तर मुंबईत कर्ज मिळालं असतं कुणाला? म्हणून मावशींसारख्यांना पालिकेने लिहून दिलं की ही व्यक्ती पथविक्रेता आहे, हिला कर्ज द्यावं. बँकेने दिलं. त्या पैशातून माल आला. आणि त्याच पालिकेच्या दुसऱ्या खात्याची गाडी तो माल उचलायला येत राहिली. एका खात्याच्या लेखी मावशी उद्योजक, दुसऱ्याच्या लेखी अतिक्रमण. कर्जाचा हप्ता दोन्ही स्थितींत पाच तारखेला जातोच.

चार दिवसांचे दुकानदार

आता शेजारीच एक मजा बघा. ज्याला वर्षातून चारच दिवस विकायचंय, त्याच्यासाठी आपल्याकडे नियम आहेत, अर्ज आहेत, आणि परवाना मिळतोही.

दिवाळीतले फटाक्यांचे तात्पुरते स्टॉल घ्या. २००८ च्या स्फोटक नियमांत त्यांचं सगळं लिहिलेलं आहे. शेड न जळणाऱ्या साहित्याची. दोन शेडमध्ये किमान ३ मीटर अंतर, आणि घर-शाळेसारख्या संरक्षित बांधकामापासून ५० मीटर. शेडची तोंडं समोरासमोर नकोत. आत कंदील, गॅसबत्ती, उघडी ज्योत नको, दिव्यांची बटणं भिंतीला पक्की आणि रांगेला एक मुख्य बटण. ५० मीटरच्या आत फटाके वाजवून दाखवायचे नाहीत. एका ठिकाणी ५० पेक्षा जास्त दुकानं नाहीत. नियम कडक आहेत, पाळले जातात की नाही हा वेगळा विषय, पण अर्ज करणाऱ्याला आपण काय केलं की कायदेशीर ठरतो हे आधी कळतं. गणपतीच्या मूर्तिकारांना मांडवाची तात्पुरती परवानगी मिळते. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्यांसाठी शिवाजी पार्कात पुस्तकांचे स्टॉल लागतात, जागा आखून, क्रमांक देऊन. एका दिवसापुरती का होईना, व्यवस्था उभी राहते.

हे जमतं, कारण प्रशासनाला तिथे शेवट दिसतो. पाचव्या दिवशी बांबू उतरणार हे ठाऊक असतं, म्हणून परवाना देताना हात कचरत नाही. रोज बसणाऱ्या बाईला कागद दिला तर ती कायमचीच बसेल ही भीती. ती कागदाशिवायही तीस वर्षं बसलीच आहे, हे त्या भीतीला कुणी सांगत नाही. कायद्याने तर ही भीतीही काढून टाकलेली आहे: प्रमाणपत्रामुळे त्या जागेवर कायमचा हक्क तयार होत नाही, असं कलम २९ मध्ये स्वच्छ लिहिलंय.

मला विचाराल तर दादरसारख्या जागेला या तात्पुरत्या परवान्याचीच रीत लागू करून बघायला हवी होती. संध्याकाळी ५ ते ९, ठरावीक रस्ता, एक चौरस मीटर, क्रमांक फरशीवर रंगवलेला, चालायला किती रुंदी सोडायची तेही रंगवलेलं. रेषेबाहेर गेला त्याचं प्रमाणपत्र आठवडाभर बंद. पालिकेला गाडीऐवजी एक निरीक्षक पुरला असता, आणि रेषेबाहेर पसरणाऱ्याला शेजारणीनेच आवरलं असतं, कारण बाजार बंद पडला तर तिचंही नुकसान. कायद्याला हे मंजूर आहे, विक्री क्षेत्रांवर वेळेचं बंधन घालता येतं. फक्त आखायला समिती हवी.

ती समिती निवडण्यासाठी मुंबईत मतदान झालं २९ ऑगस्ट २०२४ ला. कायदा लागू होऊन जवळपास दहा वर्षं आणि चार महिने झाल्यावर. मतदार तेच, २०१४ च्या सर्वेक्षणातले ३२ हजार. दर पाच वर्षांनी सर्वेक्षण व्हायला हवं असताना यादी दहा वर्षांपूर्वीची. मधल्या काळात कुणी गावी गेलं, कुणी वारलं, कुणाच्या जागी सून बसायला लागली, आणि लॉकडाउनमध्ये नोकरी गेल्यावर ज्यांनी पहिल्यांदा टोपली उचलली ते तर यादीत असण्याचा प्रश्नच नव्हता. मावशींनी २०१४ मध्ये अर्ज भरला होता, पण अधिवासाच्या दाखल्यावर अडला. वर्षानुवर्षं विरार-दादर करणाऱ्या बाईकडे मागितलेल्या नमुन्यातला दाखला नव्हता. त्यामुळे मतदान त्यांच्या बाजाराचं असूनही त्यांचं नव्हतं.

मावशींच्या टोपलीच्या तळाशी, गोणपाटाच्या खाली, एक प्लास्टिकची पिशवी असते. त्यात पालिकेच्या जुन्या पावत्या आहेत, शाई उडालेल्या. २०१४ च्या अर्जाची पोच आहे. स्वनिधीचं शिफारसपत्र आहे, बँकेचं पासबुक आहे, एकदा उचललेला काटा सोडवताना भरलेल्या दंडाची पावतीही आहे. सगळे कागद पालिकेचे, बँकेचे, शिक्क्यांचे. परवाना तेवढा त्यात नाही. गाडी आली की मेथीच्या आधी ती पिशवी कमरेला खोचली जाते.